निळं लाकडी अंडं

आमच्या परसात पांढरी कोंबडी पांढरी अंडी देते, तांबडी तपकिरी, आणि कबरी निळसर. कोंबड्यांना खुराड्यातच अंडी घालायची सवय लागावी म्हणून बाबांनी एक लाकडी अंडं कोरलं होतं. आईने ते निळं रंगवलं.

आई गेली आणि कबरी त्याच्यावर खुडूक बसली.

“बाबा, काढून घेऊ? उगाच बसलीये बिचारी.”

“बसू दे. तिचं मन मोडू नकोस.”

आज सकाळी मी कबरीच्या पोटाखाली हात घातला. अंडं ऊन होतं. आतून टकटक ऐकू येत होती, दोनदा हळू, एकदा जोरात. ओंजळीत अंडी असली की आई कोपराने मागचं दार अशीच वाजवायची.

बाबांनी ते कानाशी धरलं. मग शालीत गुंडाळून हळूच म्हणाले, “सावकाश ये गं. बाहेर थंडी आहे.”