कुशीवर

टणकन चमचा फरशीवर पडला आणि सकाळच्या शांततेत मायलेकी दोघी दचकल्या. मुंगीचे बाबा बशीपुढे बसल्याबसल्या झोपले होते. घास तसाच तोंडात.

"बाबा पेंगले!" मुंगीने टाळ्या पिटल्या. एवढीशी पोर, पण घरात काय चाललंय ते सगळ्यांत आधी हिलाच कळायचं.

मुंगीच्या आईला मात्र हसू आलं नाही. नवरा क्रेन चालवायचा. उंच केबिनमध्ये बसून लोखंडी तुळया उचलायच्या, आणि खाली माणसं. मागच्याच आठवड्यात मुकादमाने त्याला वर डुलकी घेताना पकडलं होतं. "पुन्हा दिसलास तर क्रेन विसर," असं सगळ्यांदेखत सुनावलं होतं.

"घोरण्याचंच आहे हे," ती चमचा उचलत म्हणाली. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना, घोरताना श्वास मधेच अडकतो, मग झोप पुरी होत नाही. शेजारच्या काकू तर विचारतात, रात्री घरात फरशी कापता का म्हणून."

"तू ऐकलंस कधी?" तो डोळे चोळत जागा झाला.

"मी कुठली ऐकते! दिवसभर हिच्यामागे धावायचं, पाठ टेकली की मी मेलेच. उठते तेव्हाही डोकं जडच असतं."

"मीच घोरत असणार," तो घाईने म्हणाला, "आणखी कोण?"

तिचे वडील झोपेतच गेले होते. त्यानंतर कितीतरी महिने तिला दिवा मालवायचा धीर होत नव्हता. नवरा उशाशी बसून राही, तेव्हा कुठे डोळा लागे. आता त्याचंच काही बरंवाईट झालं तर? ती पदर खोचून कामाला लागली.

उताणं झोपलं की जीभ मागे पडते, म्हणून तिने त्याच्या सदऱ्याला पाठीवर खिसा शिवला आणि आत मुंगीचा रबरी चेंडू घातला. पाठ टेकली की टोचलाच पाहिजे.

"तुझ्या गाऊनलाही शिव," तो म्हणाला.

"मी कशाला उंट होऊ?"

"एकट्याला लाज वाटते गं. जोडीने होऊ उंट."

पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली लाकडी ठोकळे सरकवले. रात्रीचं जेवण हलकं आणि लवकर. जेवल्यावर फिरायला जायचं, तर तो तिला ओढून सोबत न्यायचा. घशाचे व्यायामही होते. जीभ टाळूला चिकटवायची, गाल फुगवायचे, 'आ' लांबवायचा. स्वतःचे तो भराभर उरकायचा आणि मग तिच्यापुढे मांडी ठोकून बसायचा.

"जीभ वर. अजून. चोरतेयस तू."

"दुखणं तुझं आणि पथ्य मला! हा कुठला न्याय?"

"तू केलंस की मला हुरूप येतो."

फुगलेल्या गालांनी ती हसायला लागली की मुंगीही लोळायची.

पुढच्या महिन्यात काकू जिन्यात भेटल्या. "फरशीवाले गेले वाटतं गं. अधूनमधून येतात, पण पहिल्यासारखे नाहीत."

तिला आभाळ ठेंगणं झालं. पण घरात येऊन बघते तर नवरा बुटाची नाडी बांधता बांधता भिंतीला टेकून झोपलेला. डोळे तसेच लाल. हे कोडं काही सुटेना. घोरणं कमी झालं, मग याची झोप जाते कुठे?

"हे उपाय मदतीला असतात, ते तपासणीची जागा घेत नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एक रात्र इथे दवाखान्यात झोपू द्या त्यांना. डोक्याला, छातीला तारा लावून झोपेत काय होतं ते बघू."

तो मात्र हट्टाला पेटला. "रात्री घर सोडून मी नाही जाणार."

"तारांना घाबरलास?"

"जायचंच असेल तर तुझ्या ताईला बोलाव इथे तुझ्या सोबतीला."

"ताई कशाला? मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

शेवटी मुकादमानेच सांगितलं, रिपोर्ट आणल्याशिवाय क्रेनवर पाय ठेवायचा नाही. तेव्हा कुठे तो संध्याकाळी पिशवी भरून निघाला. दारात पुन्हा थांबला.

"चेंडूवाला गाऊन घाल हं."

"तू नसताना कुणासाठी उंट होऊ?"

"घाल गं. आणि ऐक, तुला एक सांगायचं होतं..."

"आल्यावर सांग. उशीर झाला तर परत पाठवतील." तिने त्याला जवळजवळ ढकललंच.

दार लावून ती हलक्या मनाने पलंगाशी आली. तारा लागल्या की चोर सापडणार होता. एवढ्यात मुंगी आपली उशी काखेत मारून आली आणि बाबांच्या जागेवर चढली. आडवी झाली नाही. भिंतीला पाठ लावून, पाय पोटाशी घेऊन बसली.

"झोप की आता."

"नाही. बाबा असेच बसतात."

"कधी?"

"रोज. मी पाणी प्यायला उठते ना, तेव्हा बघते. तुझा श्वास थांबला की ते तुला हलवून कुशीवर वळवतात. मग तू परत घेतेस." मुंगीने जांभई दाबली. "आज मी वळवीन. पण आई, मला झोप लागली तर?"