जिन्याखालचा व्हॉल्व्ह

पाना घसरला आणि धाकटीची बोटं भिंतीवर सणकून आपटली. तिने ती क्षणभर तोंडात धरली, पाना पुन्हा नटावर चढवला आणि अंगातलं होतं नव्हतं ते बळ लावून ओढला. जिन्याखालचा जुना व्हॉल्व्ह जागचा हलेना.

“लागलं का गं?” थोरल्या जाऊबाईंनी आतल्या खोलीतून विचारलं. त्यांचे गुडघे धरले होते. उठबस कुणाच्या तरी आधारानेच व्हायची.

“मला नाही लागत आता,” धाकटी म्हणाली.

थोरलीची नवी सून टॉर्च धरून शेजारी उभी होती. उजेडाचं निमित्त करून धाकटीनेच तिला बोलावलं होतं. घरात आल्यापासून या पोरीचं एकच पालुपद, आमच्या सासूबाई म्हणजे देवमाणूस. आज त्या देवमाणसाने काय करून ठेवलंय ते तिला दाखवायचं होतं.

रस्ता खणताना धाकटीच्या वरच्या मजल्याची पाण्याची लाइन फुटली होती. ती जोडून होईपर्यंत काढायचे ते दिवस काढू, असं नवरा म्हणत होता. धाकटीने ऐकलं नाही. “जुना व्हॉल्व्ह आहे की खाली. तोच खोलते,” ती म्हणाली, अवजारं घेऊन जिना उतरली आणि आधी खालचं मेन पाणी बंद केलं. नळाच्या सामानाचं दुकान तीच चालवायची. तिला कुणाला बोलवायची गरज नव्हती.

लग्नानंतर वर्षभरातच दोघी जावांचं कडाक्याचं भांडण झालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वरचं पाणी गेलं. धाकटी जिन्यात उभी राहून वाट्टेल ते बोलली. थोरली खालून शपथा घेत राहिली, “अगं, पाइप ठिबकत होता म्हणून घटकाभर बंद केला होता. लगेच उघडलाय मी. वर पाणी चढत नाही त्याला मी काय करू?” कुणाला खरं वाटणार होतं? धाकटीला दिवस गेले होते. तरी ती बादल्या भरभरून वर नेऊ लागली. जिना ओला झाला होता. तिचा पाय सटकला. पोटातलं मूल गेलं, आणि पुन्हा कधी राहिलं नाही. नवऱ्याने रस्त्यावरून वेगळी लाइन घेतली. त्यानंतर या व्हॉल्व्हला कुणी हात लावला नव्हता.

तिने नटावर तेल सोडलं, हातोडीने चहूबाजूंनी हलके ठोके दिले. पुन्हा पाना लावला. या खेपेला नट करकरला.

“नीट बघ हं,” ती सुनेला म्हणाली. “ही चाकी एका बाजूला फिरवली की आतली चकती वर उचलली जाते, पाणी सुटतं. दुसऱ्या बाजूला फिरवली की चकती खाली बसते, पाणी बंद. तुझ्या सासूबाई सांगतात, त्यांनी हा उघडा ठेवला होता. आता झाकण काढलं की दिसेलच.”

“काकू, अहो, जुन्या गोष्टी...” सून चाचरली.

“मलाही बघायचंय,” थोरलीचा आवाज आला. “सूनबाई, मला जरा धरून आण.”

सून टॉर्च पायरीवर ठेवून आत गेली. धाकटी मनातून सुखावली. आता तर देवमाणसाच्या तोंडावरच सांगता येणार होतं. तिने नट पूर्ण फिरवला आणि झाकण दांडीसकट उपसून काढलं.

दांडीला चकती नव्हतीच. चकतीचा वरचा आट्यांचा भाग तेवढा दांडीवर होता, अगदी शेवटच्या आट्यापर्यंत वर चढलेला. तिने पक्कड आत घातली. चकती तळाशी रुतून बसली होती. ती ओढून काढली. तुटलेल्या कडेवर जुना हिरवा थर धरला होता. तिने दोन्ही तुकडे जुळवून पाहिले. नीट जुळले.

थोरलीने चाकी खरंच पूर्ण उघडली होती. चकती आतल्या आत तुटून खालीच राहिली होती.

धाकटी तशीच उकिडवी बसून राहिली. त्या सकाळी जिन्यात थोरली तिच्यामागे धावली होती. “दे ती बादली इकडे, अशा अवस्थेत उचलू नकोस!” तिने थोरलीचा हात झिडकारला होता. वर पोचायला दोन-तीन पायऱ्या उरल्या असताना, त्याच हिसक्याने तिचा पाय सटकला होता. इतकी वर्षं तिने हे आठवणीत येऊच दिलं नव्हतं. थोरलीने पाणी तोडलं होतं, मग बाकीच्याला काय अर्थ होता?

आता थोरली सुनेच्या खांद्यावर भार टाकून आली आणि पायरीवर टेकली. तिला धाप लागली होती. धाकटीने चकती मुठीत घेतली. दांडी चिंधीत गुंडाळली.

“सांग गं काय निघालं ते,” थोरली म्हणाली. “मी उघडला असंच तेव्हा शपथेवर सांगत होते. पण नंतर मलाच माझी खात्री वाटेना. घाईघाईत चाकी उलटीकडे तर फिरवली नाही ना? मला कुठे त्यातलं कळत होतं. तुझ्या लेकराचा जीव माझ्याच हाताने गेला की काय, हे सतत मनात येतं बघ. जे असेल ते सुनेसमोर सांग. मी ऐकून घेईन.”

सून काकूंकडे बघत होती. चकतीची तुटकी कड धाकटीच्या तळव्यात रुतली होती. मूठ उघडायचाच काय तो अवकाश होता.

“बंद होता, जाऊबाई,” धाकटी म्हणाली. “अगदी घट्ट बंद होता.”