लांबलेला सूर

“आज्जी, ट्रम्पेटचा शेवटचा सूर कापू का गं?” नातीनं विचारलं.

तिच्या बँडचं नवं गाणं मोबाइलवर आलं होतं. स्का नावाच्या कुठल्या परदेशी नाचऱ्या ढंगाचं रॉक म्हणे. त्यात ट्रम्पेट ह्यांचा. रेकॉर्डिंगनंतर महिन्याभरात हे गेले. खाली लोकांनी लिहिलेलं मी बोट ठेवून, अक्षरं जुळवत वाचलं. गाणं आवडलं होतं, पण तो सूर फार लांबतो, असं पुष्कळांचं म्हणणं.

वरातीत वाजवून परतताना हे गल्लीच्या तोंडाशी असाच सूर लांबवायचे. तो ऐकला की मी भाकरीला तवा ठेवायचे.

“चाळीस वर्षं कुणी कापला नाही, तू कापणार?” मी म्हटलं.

तिनं गाणं पुन्हा लावलं. सूर थांबला, तेव्हा मी शेगडीपाशी उभी होते. हातात तवा होता.