फाईल उघडी आहे

"काढून टाका ते सगळे धडे," सून म्हणाली. "बेचाळीसच्या बेचाळीस."

दुरुस्तीवालीने माउसवरचा हात उचलला. तासाभरात तिने संगणक आतून-बाहेरून तपासला होता. व्हायरस नव्हता, पंखा ठीक होता, डिस्कवर भरपूर जागा होती. "ताई, फाईली जड आहेत हे खरं. पण नुसती पडून असलेली फाईल कोणाच्या अध्यात नसते की मध्यात. तिच्यामुळे संगणक हळू होत नाही. मेमरी कोणीतरी वापरतंय. कोण ते जरा शोधू द्या."

"शोधून काय करायचंय? फोनवरून धडे पाठवायला लागले तेव्हापासूनच हे दुखणं लागलंय. आणि एवीतेवी बघतंय कोण?"

शेवटचं वाक्य तिच्या तोंडून निसटलं, पण खरं दुखणं तेच होतं. शाळा अर्धवट सुटलेल्या मोठ्या माणसांना ती बारा वर्षं संध्याकाळच्या वर्गात गणित शिकवत आली होती. तिच्या दुप्पट वयाची माणसं तिला 'बाई' म्हणायची. आठ महिन्यांपूर्वी वर्ग बंद झाला आणि ती हाकही बंद झाली. पण शिकवण्याची खोड थोडीच जाते? सकाळी ती आतल्या खोलीचं दार लावून घेई, छोट्या फळ्यापुढे उभी राहून फोनवर धडा रेकॉर्ड करी, वायफायवरून बाहेरच्या खोलीतल्या संगणकावर पाठवी आणि तिथून इंटरनेटवर टाकी. प्रत्येक धडा पाहणारे दहा-बारा, त्यातही निम्म्या वेळा ती स्वतःच. आज तिने ठरवलं होतं, पुरे. धडे पुसायचे, फळा माळ्यावर टाकायचा आणि कुठल्यातरी ऑफिसात चिकटायचं.

संगणकाने तर तिच्या नाकी नऊ आणले होते. त्याला एक फोल्डर उघडायला सांगावं आणि तोवर चहा पिऊन यावा. वैतागली की ती बटण दाबून धरायची आणि त्याला बंद करून चालू करायची. मग चार दिवस तो शहाण्यासारखा वागे. पाचव्या दिवशी पुन्हा तेच रडगाणं.

खिडकीपाशी सासूबाई शिवणाच्या मशीनवर बसल्या होत्या. सातवीत शाळा सुटली तेव्हापासून हेच त्यांचं काम. सुनेचं रेकॉर्डिंग आणि सासूबाईंचं मशीन यांचं हाडवैर होतं. धड्यात खडखड येते म्हणून सकाळी दोन तास मशीन बंद ठेवावं लागे, आणि त्याबद्दल त्या न चुकता बोलून दाखवत. "अगं, आत तू भिंतीला गणित शिकवणार आणि बाहेर मी हाताची घडी घालून बसणार." सुनेला त्यांची हाक 'अगं' एवढीच. हल्ली त्यांच्या कापायच्या टेबलावर खडूचे आकडे आणि तिरक्या रेघा फार दिसत. नवऱ्याचा हेडफोनही अधूनमधून तिथेच सापडे. आईंची आवराआवर जरा जास्तच झालीय असं म्हणत सून तो जागेवर नेऊन ठेवी.

आता मात्र मशीन थांबलं होतं. सासूबाई सुईत दोरा ओवत होत्या आणि तो काही केल्या ओवला जात नव्हता.

"तुमची मर्जी," दुरुस्तीवाली म्हणाली. तिने सगळे धडे निवडले आणि डिलीट दाबलं.

संगणक पहिल्याच धड्यावर अडला. पडद्यावर चौकोन आला: फाईल उघडी आहे, पुसता येत नाही.

"मी तर काहीच उघडलेलं नाही."

"तुम्ही नाही, ताई. पण तुमच्या पडद्यामागे अजून कोणीतरी आत आहे."

सून घाईने पडद्याजवळ वाकली. "बाहेरचं कोणी शिरलंय?"

"बाहेरचं नाही. खात्याचं नाव 'आई' आहे."

ते खातं नवऱ्याने कधीतरी आईला फोटो बघता यावेत म्हणून उघडून दिलं होतं. घरातले सगळे ते विसरूनही गेले होते. दुरुस्तीवालीने त्यावर क्लिक केलं. पडदा क्षणभर काळा झाला आणि मग एकावर एक खिडक्या उभ्या राहिल्या. एकोणीस. प्रत्येकीत फळ्यापुढे सूनच होती. कुठे हात वर, कुठे तोंड उघडं, जिथे थांबवलं तिथे थांबलेली.

"एकोणीस व्हिडिओ एकदम उघडे," दुरुस्तीवाली हसत म्हणाली. "तरी चालत होता, हे त्याचं कौतुकच."

सून वळली. इतके महिने सासूबाईंनी ताकास तूर लागू दिला नव्हता. आता त्या सुईकडे बघत म्हणाल्या, "बंद केलं तर पुसलं जाईल असं वाटायचं. म्हणून नुसतं थांबवून ठेवते. आणि तू ते बटण दाबून धरलंस की मला सगळं पुन्हा शोधत बसावं लागतं."

"मला सांगायचं नाही का, आई?"

"सांगितलं असतं. पण नापास झाले असते तर घरातल्या घरात तोंड कुठे लपवलं असतं?"

सून टेबलापाशी गेली. कापडाच्या कोपऱ्यात खडूने दोन बाजूंचे वर्ग मांडले होते. त्याखाली बेरीज होती आणि त्याखाली तिरक्या पट्टीची लांबी. तिने मनातल्या मनात हिशेब करून पाहिला. उत्तर बरोबर होतं. हाताची घडी घातल्याचं नाटक करत ही म्हातारी अठरा धडे पचवून बसली होती. बारा वर्षांत इतका चिवट विद्यार्थी तिला मिळाला नव्हता.

"मग?" दुरुस्तीवालीने विचारलं. "पुसायचे का धडे?"

सून काही बोलायच्या आत सासूबाई उठून उभ्या राहिल्या. हाताला लागलेला खडू त्यांनी झटकला.

"बाई," त्या सुनेला म्हणाल्या, "एकोणिसाव्यात मी अडलेय. पुन्हा एकदा समजावाल का?"