जोडीचा घास

लेकीच्या लग्नाच्या पंगतीत व्याह्यांनी जिलबीचा घास हिरामणरावांच्या तोंडाशी धरला, तसा मठ्ठा वाढणाऱ्या त्यांच्या बायकोचा, मालनबाईंचा हात थबकला.

दारूपायी हिरामणरावांच्या अन्ननलिकेत फुटलेल्या शिरांना डॉक्टरांनी दुर्बिणीतून इंजेक्शनं दिली, रक्त थांबलं, दारूही सुटली. पण पुढे त्या इंजेक्शनांच्या व्रणांनी नळी आवळत गेली. माणूस कित्येक वर्षं पेजेवर जगत होता. मुलीच्या सासरी मालनबाईंनी हे कळू दिलं नव्हतं. दुखणं सांगितलं, तर दारूही सांगावी लागली असती.

हिरामणरावांनी तोंड उघडलं. घास छातीत अडकला. डोळे वाहू लागले.

"बापाचं काळीज हो," व्याही गहिवरले. "पण एकटा घास देऊ नये. हा जोडीचा घ्या."

हिरामणरावांनी बायकोकडे पाहिलं. नवरदेवाशेजारून लेकही पाहत होती.

"घ्या ना," मालनबाई हसून म्हणाल्या.