तिचं वाक्य

‘मग, काय ठरलं?’ डॉक्टरांनी विचारलं, आणि ती गप्प झाली.

प्रश्न तिला होता. डॉक्टरांनी खुर्चीही तिच्याकडेच वळवून घेतली होती. कॅन्सरवरच्या आधीच्या औषधांनी काम केलं नव्हतं. आता एक नवं औषध होतं. त्याने काही महिने मिळतील, कदाचित मिळणारही नाहीत. पण मिळाले तर त्यातले बरेचसे इथल्याच खाटेवर जातील. नाहीतर थांबायचं. घरी जायचं, दुखू नये एवढ्यापुरतीच औषधं घ्यायची. डॉक्टरांनी सगळं आडपडदा न ठेवता सांगितलं होतं.

ती भिंतीजवळच्या काचेच्या टाकीतल्या माशांकडे पाहत होती. नवरा तिच्याकडे पाहत होता.

(ती अडते.)

शांतता ओळखणं हे त्याचं पोटापाण्याचं काम. नाटक कंपनीत तो प्रॉम्प्टर. जन्म विंगेतल्या काळोखात गेला, मांडीवर नाटकाची वही आणि वर एवढासा दिवा. रंगमंचावर कुणी अडलं की पुढचा शब्द तो हलकेच सोडायचा, इतका हलका, की नटाला वाटावं तो आपल्याच डोक्यात उगवला. सगळे त्याला कुजबुज म्हणत. ती त्याच कंपनीतली नटी. लग्नाआधीपासून तिचं प्रत्येक वाक्य, ती बोलायच्या आधी, तो ओठांतल्या ओठांत बोलून घेत आला होता. प्रेमात नेमका कधी पडला ते त्याला सांगता यायचं नाही. उजेडात धूळ तरंगत होती आणि त्या धुळीतून तिचा आवाज येत होता, एवढंच आठवायचं.

केमो सुरू झाली आणि तिचे शब्द हरवू लागले. औषधांनी असं होतं, डॉक्टर म्हणाले होते. चहाचं भांडं हातात धरून ती थबकायची, नजर कुठेतरी पलीकडे. तो दारातून सोडायचा, गाळणं. ती म्हणायची, हां, गाळणं. मग उशी, मग मोजे, मग शेजारणीचं नाव. घर हळूहळू रंगमंच झालं. दुपारचं ऊन पडद्यासारखं सरकत यायचं, ती त्यातून सावकाश चालत जायची, आणि तो जरा मागे, सावलीत.

नणंद भेटायला आली. तिने वहिनीला तब्येत विचारली, ती त्याने सांगितली. भूक लागते का विचारलं, तेही त्यानेच सांगितलं. नणंद म्हणाली, वहिनी, घरात एवढं हुकमी तोंड असताना तुम्ही स्वतःचं झिजवूच नका. तिघंही हसली. जाताना मात्र तिने दादाला दारात गाठून बजावलं, की नवं औषध घ्यायलाच लाव, माघार नको. त्याला बजावायची गरज नव्हती. ती नसलेलं घर मनात आलं की त्याला एकच दिसायचं: सगळे दिवे लागलेत, पडदा उघडलाय, आणि कुणीच येत नाहीये.

टाकीतला एक मासा काचेपर्यंत आला, तोंड उघडून, मिटून, परत फिरला. तिचे ओठ किंचित विलग झाले. शब्द आला नाही.

‘घेऊ,’ तो म्हणाला. नेहमीच्याच आवाजात, जेमतेम ऐकू जाईल असं.

डॉक्टरांनी मान हलवली आणि पेन उचललं.

ती वळली. डोळ्यांत राग नव्हता. लांबलचक झोपेतून नुकतंच जागं झाल्यासारखी ती त्याच्याकडे पाहत होती.

‘मी अडले नव्हते रे,’ ती म्हणाली. ‘मी विराम घेतला होता.’

त्याची कानशिलं तापली. नवख्या प्रॉम्प्टरला आधी शिकवतात ते हेच, की विरामात तोंड उघडायचं नाही. विरामात नट काही विसरलेला नसतो. उलट त्याला सगळं आठवत असतं. तिचे विराम त्याने इतके जपले होते, की तेवढ्यात प्रेक्षकांत कुणी खोकलं तरी त्याला चीड यायची. आणि घरी, ह्या सगळ्या महिन्यांत, ती किती वेळा नुसतीच थांबली असेल, आणि त्या जागी त्याने शब्द कोंबला असेल.

त्याने हात मांडीवर ठेवले. जिभेवर पुढचं वाक्य तयार होतं. त्यात विनवणी होती, भीती होती, ते दिवे लागलेलं घर होतं. ते त्याने गिळलं.

(विराम.)

पाण्यात बुडबुडे वर चढत राहिले. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. खिडकीतला उजेड टाकीत उतरून छतावर हलू लागला, आणि सबंध खोलीच पाण्याखाली गेल्यासारखी झाली. वेळ लांबत गेला. त्याला वाटलं, असाच लांबत राहावा. तिने काही बोलू नये, उठू नये, अशीच इथे शेजारी बसून राहावी.

‘नको,’ ती डॉक्टरांना म्हणाली. ‘मला आता घरी बसून मनसोक्त कंटाळायचंय. ह्याच्यासोबत.’

आपल्याला आधी ठाऊक नसलेलं तिचं वाक्य तो जन्मात पहिल्यांदा ऐकत होता.