वाकडं बोट

ओतकाम करणाऱ्या कुद्दूस ओस्तादने तो तुकडा उलटा केला, सुलटा केला, शेवटी नाकाशी नेला. साबणच होता. कपडे धुण्याचा पिवळा साबण. चाकूने कोरून त्याचं कडं केलेलं आणि कड्याच्या आतल्या अंगाला तीन बोटं.

"कुठल्या गाडीचा पार्ट हा?"

"गाडीचा नाही, चाचा. यंत्राचा."

"मग मोडका कुठाय?"

"मोडायला आधी व्हायला तर हवा," समोरची बाई म्हणाली. बिभा नाग तिचं नाव, शंखाच्या बांगड्या करणाऱ्यांच्या शांखारी बाजारातली.

धोलाईखालच्या या सुट्या भागांच्या बाजारात असलं गिऱ्हाईक येत नाही. इथे माणूस मोडका भाग कागदात गुंडाळून आणतो आणि संध्याकाळी त्याचा जुळा भाऊ घेऊन जातो. नमुना आला की कुद्दूस डोळे मिटून ओतणार, आणि अस्सल कुठला नि नक्कल कुठली हे मालकालाही कळणार नाही. पण आजवर नमुन्यामागे एखादा ट्रक असायचा, एखादी मोटर असायची. यामागे काहीच नव्हतं. कुद्दूसला राहवेना. शेजारचा मोतालेब इंजिन खोलायचं सोडून आला. कुणी पंप म्हणालं, कुणी पंखा. जो तो आपली अक्कल पाजळू लागला.

बिभाने सगळ्यांना बोलू दिलं, मग सांगितलं. तिचा नवरा शंखाच्या बांगड्या आतून घासतो. वडिलोपार्जित काम. हल्ली त्याचे हात कापतात. घासता घासता बांगडी हातातच तडकते. व्यापाऱ्याने उरलेला शंख उचलून नेला, घरात आता एक तुकडा नाही. म्हणून तिने घरीच यंत्र जुळवलं होतं. शिलाई मशीनची मोटर, सायकलच्या चाकाचा मधला भाग, खाली फळी. फिरत होतं झकास, फक्त बांगडी धरून ठेवणारं काही नव्हतं. ते हे कडं. व्यापारी एक खेप द्यायला कबूल झाला होता. तीही बिघडली तर पुन्हा दारात उभं करणार नव्हता.

"दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसतात हो," ती म्हणाली. "मला बघवत नाही."

कुद्दूसने साबण वाळूत दाबला, अलगद काढला आणि जुन्या पिस्टनांचा वितळलेला रस त्या ठशात ओतला. निवल्यावर वाळू झटकून कडं तिच्यापुढे ठेवलं. मान ताठ होती त्याची.

बिभाने ते डोळ्यांशी धरलं. "हे एक बोट वाकडं कसं?"

"नमुन्यात वाकडं होतं."

"अहो चाचा, साबण आहे तो. पिशवीत दाबला गेला असेल."

सगळे खो खो हसले. मोतालेब म्हणाला, राहू द्या दिदी, सरळ बोटाने कुठं तूप निघतं? कुद्दूसचा चेहरा पडला. नमुन्याला शहाणपण शिकवायचं नाही हा त्याचा नेम, आणि आज नेमानेच घात केला होता. आता बोट सरळ करायचं, पण किती? शंखाची बांगडी पुरती गोल कधी नसते. मापाला बांगडीच हवी. घट्ट बसली पाहिजे, पण तिला चीर जाता कामा नये.

सगळ्यांची नजर एकदमच बिभाच्या मनगटातल्या शंखाच्या बांगडीवर गेली.

"काढा की मग," मोतालेब बोलून गेला आणि लगेच जीभ चावली.

"ती काढत नाहीत," बिभा शांतपणे म्हणाली. "आमचे हे माझ्याच बांगडीवरून माप घेतात. ही बसली की सगळ्या बसतील." आणि तिने हात पुढे करून ऐरणीवर ठेवला.

"दिदी, फुटली तर..." मोतालेब पुटपुटला.

"फुटली म्हणू नये," कुद्दूस खेकसला. "वाढली म्हणतात." एवढं त्याला ठाऊक होतं. नवरा हयात असताना बाईची ती बांगडी वाढली की घरात चूल पेटत नाही. लोक नवऱ्याच्या आयुष्याचं काय काय बोलतात. आणि हिचा नवरा तर आधीच खचलेला.

त्याने बोट कानशीने घासलं. कडं तिच्या हातावरून सरकवलं, बांगडीपाशी अडलं. काढलं, पुन्हा घासलं. पुन्हा अडलं, पण जरा पुढे जाऊन. रस्त्यावर हॉर्न वाजत होते.

"दाबा," बिभा म्हणाली.

"थोडं अजून घासतो."

"मग ढिलं होईल, चाचा. दाबा."

कुद्दूसने दोन्ही अंगठे लावले. टक् असा आवाज आला. मोतालेबने डोळे मिटून घेतले.

बांगडी होती तशी होती. तिन्ही बोटं तिच्यावर बसली होती. बिभाने हात उलटा करून झटकला, कडं हललं नाही. मग कुद्दूसने ते हळूहळू सोडवलं आणि बिभाने पदराला हात पुसला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती ते लपवतही नव्हती.

"मी काही घाबरले नाही," निघताना ती म्हणाली. "तुमचा हात जरासुद्धा कापत नव्हता."

ती गर्दीत दिसेनाशी झाली. मोतालेबने आपल्या खर्चाने काळा चहा मागवला आणि पहिला पेला ओस्तादच्या हातात दिला. कुद्दूसने तो उचलला, चहा बोटांवर सांडला. त्याने पेला परत ऐरणीवर ठेवला.

"राहू दे जरा," तो म्हणाला. "गरम आहे."